मागची सीट नसलेली गाडी

ऐकल्याशिवाय उघडायचं नाही, हा त्या गॅरेजचा कायदा होता. भिंतीवर कुठं लिहिलेला नव्हता, पण दारातून आत आलेल्या गाडीवाल्याला तो पहिल्या पाच मिनिटांत कळायचा. गाडीवाला हातवारे करायचा, आवाज कसा येतो ते तोंडानं घर्रर्र करून दाखवायचा, आणि थोरला मिस्तरी चिंधीनं हात पुसत नुसता बघत राहायचा. त्याचं सगळं गाऱ्हाणं सांगून झालं की म्हणायचा, "चला, फिरवून आणू." मग गाडीवाल्याला चालवायला लावून स्वतः शेजारी बसायचा. धाकटा भाऊ काही न बोलता मागचं दार उघडून मागं बसायचा. परत आल्यावर थोरला ज्यावर बोट ठेवेल तेवढंच उघडायचं. उगाच पोट फाडून आत काय आहे ते चाचपत बसणं हे त्याच्या लेखी खाटकाचं काम होतं.

लोक त्याला कानवाला म्हणत. नाव काही फुकट पडलं नव्हतं. ऐन उमेदीतली गोष्ट. दारात उभा राहून चहा पीत होता, रस्त्यावरून एक गाडी गेली, आणि ह्यानं कप तिथंच दगडावर ठेवला, पुढच्या सिग्नलपर्यंत पळत जाऊन तिच्या काचेवर टकटक केलं. म्हणाला, दुसरा गिअर जपा, त्याचा दात जायला आलाय. गाडीवाल्याला वाटलं माणूस प्यायलेला आहे. काच वर करून निघून गेला. आठव्या दिवशी तीच गाडी दोरीनं ओढत आणली आणि मालक मान खाली घालून उभा. गिअरबॉक्समध्ये हात घालणारे त्या भागात आणखी चार-सहा जण होते, पण घोडं अडलं की तेही आपल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, एकदा कानवाल्याला ऐकवून या.

उस्तादानं त्याला एकच विद्या दिली होती. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक गिअरबॉक्सच्या अंगाला टेकवायचं, लाकडी मूठ दातांत धरायची आणि दोन्ही कानांत बोटं घालायची. आवाज दातांतून थेट कवटीत चढतो आणि आतला कुठला शाफ्ट रडतोय ते सांगतो. तीस-पस्तीस वर्षांत ती मूठ चावून चावून उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती.

आणि आता कवटीत काही चढत नव्हतं.

कधी सुरू झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. पत्र्याची शेड, दिवसभर ग्राइंडर, हातोडा, नट सोडवायची हवेची बंदूक, आणि कान कायम उघडे. जाडे आवाज शाबूत राहिले, बारीक गेले. इंजिनाची घरघर ऐकू यायची, पण ट्रक मागं येताना टीं टीं करतो ते यायचं नाही. एकदा तर ट्रक अगदी पाठीला टेकला तेव्हा कळलं. घरी बायको आतल्या खोलीतून काही बोलली तर नुसतं पुटपुटणं वाटायचं. ती म्हणायची, "अहो, एकदा कान दाखवून घ्या." तो म्हणायचा, "कानाला काय धाड भरलीय? तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस." मग ती मोठ्यानं बोलायची आणि हा म्हणायचा, ओरडतेस कशाला, मी काय बहिरा आहे?

शेवटी एके दिवशी पार्ट आणायला जातो असं सांगून तो शहराच्या दुसऱ्या टोकाला गेला, जिथं त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. तिथल्या बाईंनी त्याला काचेच्या खोक्यात बसवलं, कानाला डबे लावले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिले चार-पाच आले. मग बराच वेळ काहीच येईना. काचेपलीकडं बाई मान खाली घालून काहीतरी करत होत्या. ह्याला घाम फुटला. इतका वेळ येत नाही म्हणजे येत असणारच, असं धरून तो अंदाजानं बटण दाबत सुटला. नंतर बाईंनी कागद समोर ठेवला. डावीकडून सरळ आलेली रेघ मध्यावर आल्यावर कड्यावरून ढकलल्यासारखी खाली गेली होती.

"काका," बाई म्हणाल्या, "मध्ये मध्ये मी काहीच वाजवत नव्हते. तेव्हाही तुम्ही दाबत होतात."

मशीन लावा म्हणाल्या. कानवाल्याच्या कानात मशीन. गॅरेजच्या दारात गाढव आणून बांधलं असतं तरी लोक इतके हसले नसते. त्यानं कागदाची घडी केली आणि हत्यारांच्या पेटीच्या सगळ्यांत खालच्या खणात, जुन्या गॅस्केटांखाली दडपून टाकली.

याला तीन वर्षं होऊन गेली होती. नवल असं की तीन वर्षांत त्याचं एकही निदान चुकलं नव्हतं. गाडीत बसला की जाडा आवाज यायचा, उरलेलं हातापायांना कळायचं, सीटखालची थरथर, गिअरच्या दांड्यातली कणकण. आणि मागून धाकटा बडबडत असायचा. हा धाकटा दहा वर्षांनी लहान, सदानकदा तोंडात काडी, दहा शब्दांचं काम दोनात उरकणारा. पण गाडीत मागं बसला की पोपटासारखा बोलायला लागायचा. दोन सीटांच्या मधून पुढं वाकून आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणायचा, दादा, वळणावर वाढतोय ना? दादा, ॲक्सिलरेटर सोडला की शिट्टी मारतंय, त्या पांढऱ्या गाडीसारखं? थोरला मान न वळवता म्हणायचा, ते सांगायला तू कशाला पाहिजेस, तू मागं बसून वारा खा. गिऱ्हाइकं हसायची. धाकट्याला साहेबांचा पीए म्हणायची. आणि बोलता बोलता थोरल्याच्या डोक्यात निदान जुळून यायचं. विद्या एकदा हाडात मुरली की कानाचं काही अडत नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं.

दातांचा डॉक्टर आला तो अशा वेळी.

गाडी दोन सीटांची, जुनी, काळपट हिरवी, एखाद्या चपलेसारखी जमिनीला चिकटलेली. डॉक्टर तिचा चौथा मालक. वीस वर्षं लोकांच्या तोंडात वाकून मान धरली, आता एक तरी हौस करतो, असं म्हणून त्यानं ती घेतली होती. बायको म्हणाली होती, या वयात लोक गुडघे बदलतात. घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात गिअरबॉक्समधून आवाज यायला लागला. रोज यायचा असंही नाही. चार दिवस गप्प, पाचव्या दिवशी अचानक, बारीक, सुईसारखा, मोजून अर्धा मिनिट, की परत गप्प. दोन गॅरेजांत दाखवून झाली होती. तिथं ती शहाण्या पोरीसारखी वागली होती.

"माझ्याकडं पेशंट असेच येतात, मिस्तरी," डॉक्टर म्हणाला. "दात चार दिवस ठणकत असतो आणि माझ्या खुर्चीत बसलं की थांबतो. मी म्हणतो, बरं, जा घरी. दुसऱ्या दिवशी गाल सुजवून हजर."

थोरल्याला माणूस आवडला. म्हणाला, चला, फिरवून आणू.

धाकटा सवयीनं गाडीच्या मागच्या बाजूला गेला आणि तिथं दारच नव्हतं. सीटांमागं फळीएवढी जागा, तीत डॉक्टरची बॅग. तो तिथंच उभा राहिला. तोंडातली काडी फिरायची थांबली. मग म्हणाला, "दादा, ह्या गाडीत मी जाऊन येतो. एवढं खाली बसायला तुझे गुडघे—"

"माझे गुडघे ऐकतात का?" थोरला म्हणाला, आणि विहिरीत उतरावं तसा एक पाय, मग ढुंगण, मग दुसरा पाय असा गाडीत उतरला.

पहिल्या फेरीत काहीच झालं नाही. डॉक्टर स्वतःच म्हणाला, आज नाही. दुसरी फेरी चार दिवसांनी. मोठ्या पुलाच्या उतारावर डॉक्टरनं मान तिरकी केली आणि विचारलं, आत्ता होता का हो, की मला उगाच वाटलं? थोरला म्हणाला, टायरचा आहे तो, रस्ता खडबडीत आहे. म्हणाला खरा, पण मानेवर कुणी ओलं फडकं टाकल्यासारखं झालं. गॅरेजात आल्यावर धाकट्यानं विचारलं, काय म्हणते गाडी? थोरला म्हणाला, काही म्हणत नाही. मी एकदा डॉक्टरबरोबर जाऊन येऊ का? तुला सांगितलं ना, काही म्हणत नाही.

तिसऱ्या वेळी डॉक्टरनं गाडी आत घेतलीच नाही. फाटकात इंजिन चालू ठेवून हॉर्न दिला. लवकर बसा, म्हणाला, आज बोलतेय. थोरला धावत जाऊन बसला. पूल चढून गाडी उताराला लागली, डॉक्टरनं ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"हा. हा बघा. ऐकलात?"

थोरल्यानं जीव कानात आणला. वारा ऐकू आला. इंजिनाची जाडी घरघर आली. त्यानं गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला, तळव्याला रोजचीच थरथर लागली. बाकी कापूस. आणि डॉक्टर त्याच्याकडं बघत होता. गेली वीस वर्षं खुर्चीतल्या माणसांचे चेहरे बघण्यात गेलेला हा माणूस आता स्वतः तसाच चेहरा करून बघत होता. सांगा बाबा, मला वेड लागलेलं नाही, एवढं सांगा.

"ऐकला," थोरला म्हणाला.

डॉक्टरनं केवढा तरी श्वास सोडला.

त्या एका शब्दानं थोरल्याची स्वतःचीच वाट बंद झाली. क्लच दाबला की थांबतो का? तिसऱ्यात येतो की चौथ्यात? वेग वाढला की सूर चढतो का? एवढे तीन प्रश्न डॉक्टरला विचारले असते तर कुठलं बेअरिंग गेलंय ते बसल्या जागी कळलं असतं. पण ज्यानं ऐकलाय तो असं विचारत नाही. परतीच्या वाटेवर डॉक्टर खुशीत बोलत होता आणि हा खिडकीबाहेर बघत हं हं करत होता.

दुपारी धाकटा पार्ट आणायला गेल्यावर त्यानं गाडी उचलून चाकं अधांतरी फिरवली, खाली आडवा झाला आणि स्क्रू ड्रायव्हर दातांत धरला. पुढं लावला, मागं लावला, खाली लावला. हिरड्या बधिर झाल्या, जबडा दुखायला लागला. थरथर सगळीकडून सारखीच येत होती. रडणं कुठलं ते कळेना. अशा गाड्यांत बहुतेक वेळा वरच्या शाफ्टचं पुढचं बेअरिंग जातं, हे त्याला ठाऊक होतं. दहातल्या सात वेळा तेच. धाकटा परत आला तेव्हा थोरला हात धूत होता. म्हणाला, वरचं पुढचं.

धाकट्यानं काडी तोंडातून काढली. "कसला आवाज होता?"

"बेअरिंगचा."

"बारीक होता की—"

"ऐकलंय मी," थोरला म्हणाला.

गिअरबॉक्स खाली उतरवायला दीड दिवस गेला. ऑइल सोडलं तेव्हा तळाच्या चुंबकावर करड्या भुकटीची लव उगवलेली दिसली. म्हणजे आत काहीतरी झिजत होतं, यात शंका नव्हती. पुढचं झाकण काढून थोरल्यानं ते बेअरिंग ओढलं, रॉकेलमध्ये बुचकळलं, बोटावर घालून फिरवलं. ते लोण्यातून फिरावं तसं फिरलं. कानांनी दगा दिला असेल, बोटं अजून इमानी होती. बोटांना त्याच क्षणी कळलं की हे बेअरिंग आणखी दहा वर्षं चाललं असतं. त्यानं ते चिंधीवर ठेवलं आणि नव्याचा खोका उघडायला घेतला.

धाकट्यानं ते उचललं. स्वतःच्या कानाजवळ नेऊन फिरवलं, एकदा, दोनदा. मग चुंबकाकडं बघितलं. म्हणाला, "दादा, हे चांगलं आहे. बॉक्स आख्खा उघडू. खालच्या शाफ्टचं मागचं बघू."

आख्खा उघडायचा म्हणजे कायदा मोडायचा. ऐकून सुद्धा ठिकाण सापडलं नाही असं कबूल करायचं. आणि तिथून पुढचा प्रश्न, मुळात ऐकू आलं का हा, फार लांब नव्हता. थोरल्याचा आवाज चढला.

"ऐकल्याशिवाय उघडायचं नाही, आणि ऐकलंय ते मी. तू ऐकलास का?"

धाकट्याच्या ओठांपर्यंत काहीतरी आलं होतं, ते त्यानं गिळलं.

"नाही," तो म्हणाला. "मी नाही ऐकला." आणि बेअरिंग परत चिंधीवर ठेवलं.

नवं बेअरिंग बसलं. ऑइल भरताना थोरल्यानं नेहमीच्यापेक्षा जाड ऑइलचा डबा उचलला. का उचलला ते त्यानं स्वतःलाही विचारलं नाही. जाड ऑइलात बारीक आवाज बुडतो, हे त्या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. धाकट्यानं डबा बघितला आणि तोंड फिरवून तो दुसऱ्या गाडीकडं गेला.

आवाज बंद झाला. आठवड्यानं डॉक्टर मुद्दाम येऊन गेला. पुलावरून पंचवीस वेळा गेलो, म्हणाला, चकार शब्द काढत नाही. जाताना सगळ्यांना एकेक दातांचा ब्रश दिला. थोरल्याला दोन. स्क्रू ड्रायव्हर चावणाऱ्या माणसाला जास्त लागतात, म्हणाला. थोरला मोकळेपणानं हसला. त्याला खरंच वाटायला लागलं होतं की अंदाज बरोबर निघाला. त्या आठवड्यात घरी त्याला झोपही चांगली लागली.

महिना भरायला दोन दिवस कमी असताना सकाळी गॅरेजचा फोन वाजला. धाकट्यानं घेतला. पलीकडं डॉक्टरची बायको होती. धाकटा फक्त हो, हो म्हणत होता आणि बोलताना थोरल्याकडं पाठ करून उभा होता. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर डॉक्टरची गाडी चौथ्या गिअरमध्ये असताना मागची चाकं जागच्या जागी आवळली गेली. गाडी दोन गिरक्या घेऊन दुभाजकावर आदळली. जीव वाचला. उजवा हात स्टिअरिंग आणि दार यांच्यामध्ये सापडला. मनगटाचा चुरा झाला होता.

गाडी ट्रकवर घालून गॅरेजात आणली. धाकट्यानं कुणाला न विचारता गिअरबॉक्स उतरवला आणि ह्या वेळी आख्खा उघडला. थोरला ऑइलच्या उलट्या डब्यावर बसून होता. खालच्या शाफ्टचं मागचं बेअरिंग बेअरिंग राहिलंच नव्हतं. गोळ्या फुटलेल्या, त्यांना धरणाऱ्या पत्र्याच्या चिंध्या झालेल्या, सगळं तापून निळं पडलेलं. शाफ्ट खाली बसला होता आणि गिअरांनी एकमेकांचे दात धरून ठेवले होते. धाकटा एकेक तुकडा काढून रॉकेलमध्ये घासून वर्तमानपत्रावर मांडत होता. घासायला हाताशी डॉक्टरनं दिलेलाच ब्रश होता.

"दोन महिने तरी ओरडत असणार," धाकटा म्हणाला.

थोरल्यानं एक फुटकी गोळी उचलली. तिची धार बोटाला लागली.

"मला ऐकू आला नव्हता," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"त्या दिवशी नाही. एकूणच—"

"माहीत आहे, दादा. तीन वर्षं झाली. आधी अंदाज होता, मग गॅस्केट शोधताना खालच्या खणात कागद सापडला."

बाहेर कुणीतरी ग्राइंडर चालू केला आणि बंद केला. मग थोरल्याला एकेक फेरी आठवायला लागली. ती पांढरी गाडी, तो शाळेचा टेम्पो, ती टॅक्सी. प्रत्येक वेळी मागून आलेला घोगरा प्रश्न, आणि प्रश्नाच्या पोटात असलेलं उत्तर.

"म्हणजे मागं बसून तू—"

"मग काय वारा खायला बसत होतो का?"

धाकट्याला राग कधी यायचा नाही, पण आता आला होता. त्यानं ब्रश खाली ठेवला. "दोन शब्द सांगायचे होतेस. त्या बॅगेच्या जागी मुटकुळं करून बसलो असतो मी."

"तू तरी का बोलला नाहीस?"

"कुणाला? कानवाल्याला?"

धाकट्यानं परत ब्रश उचलला, आणि खाली बघत, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला की ते चांगलं बेअरिंग माझ्या हातात होतं, मला कळलं होतं, तरी मी ते खाली ठेवलं, तेव्हा तू एकटाच नाहीस. नंतर बऱ्याच वेळानं त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. डॉक्टरच्या बायकोच्या बोलण्यावरून वाटलं की डॉक्टर स्वतःलाच दोष देतोय. चौथ्यातून तिसऱ्यात घेताना आपलाच हात चुकला असणार असं म्हणतोय. बाई आपल्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. "आपण काही बोललो नाही तर कुणी विचारणारही नाही," धाकटा म्हणाला. बोल असंही म्हणाला नाही, बोलू नको असंही नाही.

त्या दिवशी घरी बायको काहीतरी म्हणाली. तो म्हणाला, "काय म्हणालीस? परत सांग." तीस वर्षांत त्यानं असं विचारल्याचं तिला आठवत नव्हतं. ती हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येऊन बसली आणि काय झालं ते विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. ऐकून ती रडली नाही, त्याला समजावलंही नाही. एवढंच म्हणाली की डॉक्टरचा उजवाच हात का?

बाराव्या दिवशी डॉक्टर स्वतः आला. टॅक्सीनं. हात कोपरापर्यंत पांढरा, बोटांतून लोखंडी सळ्या बाहेर आलेल्या. दाढी वाढलेली. त्यानं कोपऱ्यात ताडपत्रीखाली असलेल्या गाडीकडं बघितलं नाही. सरळ थोरल्यासमोर स्टुलावर बसला.

"मला एकच सांगा, मिस्तरी," तो म्हणाला. "माझा गिअर चुकीचा पडला का? तिसऱ्याच्या जागी पहिला? मी पडल्या पडल्या तेवढंच आठवत असतो. दांडा हलवला होता की नव्हता तेच आठवत नाही. तुम्ही उघडलाय म्हणून विचारतो."

हो म्हणायला अर्धा क्षण पुरला असता. डॉक्टरनं ते मानलं असतं, जन्मभर मानलं असतं. धाकटा कामाच्या टेबलापाशी उभा होता, त्यानं पान्हा खाली ठेवल्याचं थोरल्याला दिसलं.

"तुमची काही चूक नाही," थोरला म्हणाला. "खालचं मागचं बेअरिंग फुटलं. तोच आवाज होता तो. मी दुसरंच बदललं."

"दुसरं कसं? तुम्ही ऐकला होतात."

"नव्हता ऐकला."

"मी विचारलं तुम्हाला. उतारावर. ऐकला म्हणालात."

"खोटं बोललो. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. बरीच वर्षं झाली."

डॉक्टर ओरडेल, निदान उठून उभा राहील, असं थोरल्याला वाटलं होतं. डॉक्टर तसाच बसून राहिला. मांडीवरच्या हाताकडं बघत होता.

"मला दात नीट दिसला नाही," तो म्हणाला, "तर मी माणसाला सांगतो, एक्स-रे काढून आण. त्यात कसली लाज? उगाच भलता उपटायचा?" मग सळ्या लावलेली बोटं हलवून बघितली. दोन हलली, दोन नाही. "ह्या दोघांना काही कळत नाही. टोचलं तरी. बारीक काम आता होणार नाही, म्हणतात. दवाखाना बंद आहे."

थोरल्याला हात जोडावेसे वाटले, पण ते करणंही फुकटचं वाटलं. त्यानं त्या मोडक्या बेअरिंगचं वर्तमानपत्र समोर आणून ठेवलं. डॉक्टरनं डाव्या हातानं एक तुकडा उचलला, दाताचा तुकडा बघावा तसा उजेडाकडं धरून बघितला आणि परत जागेवर ठेवला. उठला. थोरला तुकडे गोळा करायला खाली वाकला. पाठमोरा असताना दारातून डॉक्टर काहीतरी बोलला. बोलला हे त्याला कळलं, कारण धाकट्याची मान एकदम खाली गेली. त्यानं वळून बघितलं तोवर टॅक्सीचं दार लागलं होतं.

"काय म्हणाला?"

धाकटा काडी चघळत राहिला.

"काय म्हणाला तो?"

तीन वर्षं जे काही त्याला ऐकू येत नव्हतं ते धाकट्यानं मागून पोहोचवलं होतं. हे पोहोचवलं नाही. त्यानं पान्हा उचलला आणि कामाला लागला, आणि थोरल्यानंही पुन्हा विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात एक अनोळखी माणूस चार दारांची गाडी घेऊन आला. आवाज येतो म्हणाला, कधी येतो कधी नाही, कुणीतरी कानवाल्याचं नाव सांगितलं. त्यानं दोघा भावांकडं आळीपाळीनं बघितलं. थोरल्यानं चिंधीनं हात पुसले आणि धाकट्याकडं बोट दाखवलं. "हे येतील तुमच्याबरोबर."

धाकटा गेला आणि सवयीनं मागचं दार उघडून अर्धा आत वाकला.

"पुढं बस," थोरला म्हणाला.

धाकटा वाकलेला तसाच थांबला. मग मागचं दार लावून पुढं जाऊन बसला. गाडी फाटकातून बाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत दिसली, वळली. गिऱ्हाइक तोंडानं आवाज काढून दाखवत होतं आणि धाकटा मान हलवत होता, एवढं काचेतून दिसलं. थोरला आत आला, ताडपत्रीला वळसा घालून रॉकेलच्या थाळीपाशी बसला आणि तीत टाकलेले नट एकेक करून घासायला लागला.